सव्वा मूठ

कानबाईच्या आदल्या रात्री
आई सूप पुढ्यात घेऊन बसायची
आणि घरातले पुरुष मोजायची.

आजोबांची सव्वा मूठ. अण्णांची सव्वा मूठ.
तार करूनही सुरतेहून न आलेल्या
दगडूकाकाची सव्वा मूठ.
पाळण्यात अंगठा चोखणाऱ्या भटूचीसुद्धा,
ती तर जरा दाबून भरलेली.

मी आठ वर्षांची, एरंडोलच्या त्या ओसरीत
चिमणीच्या उजेडात खडे वेचणारी.
खडे माझे, गहू त्यांचे.
विचारलं तेव्हा अण्णा हसले,
लेकीची मूठ सासरी भरतात, म्हणाले.
सासरी गेल्यावर कळलं
तिथेही भरत नाहीत.

पण मोजणं संपल्यावर,
आईचे ओठ मिटल्यावर,
हात आणखी एकदा पोत्यात जायचा
बांगड्या न वाजवता.
ती मूठ सुपात पडताना
ती दाराकडे बघायची,
जणू मांजर आलंय.
एकदाच, माझ्याकडे मान न वळवता, म्हणाली,
कोनले सांगू नको.

पहाटे जात्यात सगळं एक व्हायचं.
कुणाचा दाणा कुठला
कानबाईलाही सांगता आलं नसतं.
पुरण, गंगाफळाची भाजी, खीर,
आणि तुपानं जड झालेले रोट,
कडा चिरलेल्या, मधे तिच्या बोटांचे चार खळगे.
सोमवारी कानबाई अंजनीच्या पाण्यात जायची,
रोट मात्र उंबऱ्याबाहेर जायचे नाहीत.
भाऊबंदांपलीकडे घास नाही,
पुनवेच्या आत संपवायचे,
अशी आमच्या घरची रीत.

मग मी उधन्याला. दोन खोल्या, खाली लूमचा खडखडाट.
श्रावण सरता सरता भटू डबा घेऊन यायचा,
पितळी, झाकणावर टाचून घातलेलं नाव:
सुपडाबाई ओंकार महाजन.
(आधीची दोन गेली, म्हणून हिला
जन्मताच सुपात घालून ओढलं होतं.
सूप तेव्हापासून तिचं.)

वर सांजोऱ्या. त्यांच्याखाली सांजोऱ्या.
तळाशी, धुतलेल्या धोतराच्या चिंधीत,
रुपयाएवढा रोट.

भटूला वाटायचं तो सांजोऱ्या पोचवतोय.
तो बाहेर चहा प्यायचा,
मी ओट्याशी उभी राहून खायचे
नळ सोडून ठेवून,
कारण रोट कडक झालेला असायचा
आणि चावण्याचा आवाज व्हायचा.
शिळा. थोडा कल्हईचा वास.
दारात उभी राहून कुणी मागितला असता
तर मी दिला नसता.

आई माघात गेली.

परवा रात्री उज्ज्वलाचा फोन.
ताई, आईंचं माप काय होतं हो?
आता घरात पुरुष तीन, मी तीनदा सव्वा घेतली,
डब्यावर त्यांनी आखलेल्या रेघेपर्यंत
गहू येतच नाहीयेत.
त्यांचा हात मोठा होता का?

तिचा हात लहान होता.
कासार तिला पोरीच्या मापाच्या बांगड्या भरायचा,
आणि त्याही सैल व्हायच्या.

मी म्हटलं, शेवटची मूठ मोजायची नसते.
नुसती टाकायची.

कुणाच्या नावाची?

मला उत्तर पाठ होतं, पण तोंड उघडेना.
पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.
पलीकडे पंख्याचा आवाज,
आणि त्यामागे सुपात कुणीतरी बोटं फिरवत होतं,
हलक्या हाताची, घाई नसलेली.

कोण गं ते?

कोण असणार, मृण्मयी. खडे वेचतेय.

मग मला काय विचारतेस, म्हटलं,
आणि फोन ठेवायच्या आत
बांगड्या वाजल्या.
उज्ज्वलाला तेवढं सांगायचं राहिलं.